शनिवारचा युवा गट पुन्हा सुरू करा : संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
आपल्या शहराचे वस्तुसंग्रहालय

सप्रेम नमस्कार.

संग्रहालयात दर शनिवारी दुपारी भरणारा किशोरवयीन मुलामुलींचा युवा गट जूनपासून बंद करण्याचा आणि त्याऐवजी सुट्टीत सशुल्क ‘वारसा शिबिर’ घेण्याचा निर्णय आपण घेतला आहे. तो आम्हाला कळला तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या चार ओळींच्या निरोपातून. त्यात कार्यक्रमाची पुनर्रचना होत असल्याचे म्हटले होते, कारण मात्र दिलेले नव्हते. मी शिक्षण विभागाकडे लेखी विचारणा केली, तेव्हा निर्णय विश्वस्त पातळीवरचा आहे एवढेच उत्तर आले. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे, आणि ज्या शहराच्या नावाने हे संग्रहालय चालते त्या शहरातील लोकांनाही ते वाचता यावे यासाठी खुले ठेवीत आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. शहराच्या पूर्वेला, रेल्वे यार्डाच्या भिंतीलगतच्या वस्तीत मी अभ्यासिका चालवते आणि युवा गटातील निम्म्याहून अधिक मुले याच वस्तीतील होती. बुरूड, मातंग, वडार आणि पारधी समाजाची, तसेच भंगाराच्या धंद्यात असलेली मुस्लिम कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहतात. यांतील काही घरांच्या आजोबा-पणजोबांना इंग्रजांच्या १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड राहून रोज हजेरी द्यावी लागत असे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण आसपास चोरी झाली की पहिली झडती कोणत्या गल्लीत होते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अशा घरातील मुलाने, जेथे प्रत्येक कपाटाला कुलूप आणि प्रत्येक दालनाला पहारा आहे त्या इमारतीत शिरावे आणि तेथील अधिकाऱ्याने शे-दीडशे वर्षांपूर्वीचे भांडे विश्वासाने त्याच्या हाती द्यावे, ही गोष्ट केवढी मोठी आहे, हे पाहायला आपल्यापैकी कोणी एखाद्या शनिवारी खाली आले असते, तर हा निर्णय झाला नसता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गटाचे वय चौदा ते अठरा असे होते आणि ते विचारपूर्वक ठरवलेले होते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. आठवी झाली की ती हमी संपते. दुसरीकडे, बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते. म्हणजे शाळेची पकड सुटते त्याच सुमारास कामाचे दार उघडते. वस्तीत याचा अर्थ असा की नववीतला मुलगा लग्नसराईत वाढप्याच्या कामाला जाऊ लागतो, हातात रोख पैसे येतात आणि दहावीचा अर्ज भरायचा राहून जातो. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबते आणि मग तिच्यासाठी स्थळे येऊ लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली, तीही सहावी ते आठवीच्या मुलांसाठीच. शाळांच्या सहली संग्रहालयात येतात त्या बहुधा पाचवी-सहावीच्या. चौदा ते अठरा वयाच्या, खिशात क्लासचे पैसे नसलेल्या मुलामुलींनी एकत्र बसावे, शिकावे आणि कोणी हुसकावू नये अशी जागा या शहरात शोधून दाखवावी. आपल्या इमारतीतील शनिवारची दुपार ही तशी एक जागा होती.

तेथे काय चालत असे, याची कल्पना ‘वारसा शिबिरा’च्या पत्रकावरून येणार नाही, मातीची भांडी रंगवणे आणि किल्ल्यांची माहिती हे शिबिरापुरते ठीक आहे. युवा गटाला मात्र खरे काम दिले जात असे. घामातील क्षारांनी धातू खराब होतो म्हणून हातमोजे घालायचे, भांडे कडीला किंवा कानाला न धरता तळाशी हात देऊन उचलायचे, नोंदणी क्रमांक वहीशी ताडून पाहायचा, कापडांच्या पेटीत कसर लागली आहे का ते तपासायचे आणि पावसाळ्यात दालनातील दमटपणाचे आकडे टिपायचे, अशी ती कामे असत. सुरुवातीला मुले कंटाळली, हेही सांगायला हवे. क्रमांक ताडून पाहणे हे काही रोमांचक काम नव्हे. पण आपण लिहिलेला आकडा कोणीतरी वाचतो आणि त्यावरून दालनातील खिडकी उघडी ठेवायची की बंद हे ठरते, असे लक्षात आल्यावर त्यांची बसण्याची पद्धतसुद्धा बदलली.

एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोंदवहीत ‘पितळी ताट’ म्हणून लिहिलेले एक ताट होते आणि त्याच्या काठाला लांब तडा गेलेला होता. वडिलांच्या भंगाराच्या दुकानात वाढलेल्या आमच्या मुलाने ते पाहताच विचारले की हे पितळ असेल तर तडकले कसे? पितळ पडले तर चेपते, तडकते ते कासे. जस्ताऐवजी कथील मिसळलेला हा धातू ठिसूळ असतो, हे धातुशास्त्राच्या पुस्तकात आहेच; पण त्या मुलाला ते माहीत होते, कारण दोन्हींचा भाव वेगळा आणि चुकीच्या ढिगात टाकले की वडिलांचा ओरडा ठरलेला. संग्रहातील वस्तूंची जबाबदारी असलेल्या अभिरक्षकांनी ताट तपासून घेतले आणि नोंद दुरुस्त केली. दुरुस्तीपुढे त्या मुलाचे नाव लिहिले. भंगारवाल्याचा पोरगा म्हणून शाळेत ज्याला चिडवत, त्याच्या त्याच ज्ञानाला शहरातील सर्वांत प्रतिष्ठित इमारतीने दप्तरी मान दिला. एरवी ‘न्यूनगंड घालवा’ असे व्याख्यान द्यायला आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणे येतातच. त्याचा काय परिणाम होतो ते मी रोज पाहते.

दुसरा प्रसंग बुरूड समाजातील मुलीचा. लोकजीवन दालनात ‘शोभेची टोपली’ अशी पाटी लावून ठेवलेली वस्तू म्हणजे तांदूळ धुण्याची रोवळी आहे, हे तिने विणीतील फटी दाखवून सांगितले. पाणी निथळावे म्हणून त्या तशा सोडतात आणि दाणा निसटू नये इतक्याच रुंद ठेवतात. पुढच्या शनिवारी तिची आजी आली. दालनाच्या व्हरांड्यात बसून तिने बांबू चिरला, कामट्या तासल्या, बूड विणून दाखवले, आणि गटाने ते सगळे लिहून काढून जुन्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावली. आजी त्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर वर्षानुवर्षे सुपे-टोपल्या विकत आली होती. आत मात्र पहिल्यांदाच गेली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की ज्यांच्यासाठी हा गट होता त्यांना निर्णयापूर्वी एका शब्दाने विचारले गेले नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ मध्ये मोहोर उमटवली आहे. आपल्यावर परिणाम करणाऱ्या बाबतीत मुलांना मत मांडण्याचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क एकतिसाव्या कलमात आहे. आपल्याच प्रवेशदालनात बालहक्कांचे भित्तिपत्रक गेल्या नोव्हेंबरात लावलेले होते, म्हणून आठवण करून दिली.

दुसरी तक्रार शुल्काची आणि त्याहून अधिक सवलतीच्या अटीची आहे. शिबिराचे साडेचार हजार रुपये आमच्या वस्तीतील कोणतेही घर देऊ शकणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक असावे, कारण पत्रकात ‘गरजूंसाठी काही जागा विनाशुल्क’ असे तळटिपेत छापले आहे. त्या जागांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला, असे दोन्ही मागितले आहेत. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा गाव-गाव फिरत होते, ज्यांच्या पालांना घर क्रमांक नव्हता, त्यांनी तो कोठून आणायचा? जे दाखले मिळवण्यात लोकांच्या चपला झिजतात, ते दहा दिवसांच्या शिबिरासाठी मागणे म्हणजे या मुलांना दारातूनच परत पाठवणे होय. युवा गटात येण्यासाठी केवळ शाळेचे किंवा अभ्यासिकेचे पत्र पुरत असे, आणि त्यात कधी काही गैर झाले नाही.

तिसरी तक्रार ओळखपत्रांची आहे. गट बंद होताच सुरक्षा विभागाने मुलांकडून ओळखपत्रे परत घेतली. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु गळ्यात संग्रहालयाचे कार्ड असलेला पारधी मुलगा संध्याकाळी उशिरा घरी परतताना चौकात अडवला गेला, तर त्याच्याजवळ दाखवायला काहीतरी असे. पहारेकऱ्यांना दोष देत नाही, ते आदेश पाळतात. उलट त्यांतील एक मामा मुलांसाठी सायकली ठेवायची जागा राखून ठेवत. कार्डे गेल्यानंतर आमची दोन मुले तिकीट काढून दालन पाहायला गेली, तेव्हा नव्या पहारेकऱ्याने त्यांच्यामागे सर्व दालनांतून फेरी मारली. इतर प्रेक्षकांच्या मागे तो गेला नाही.

चौथी तक्रार सर्वांत गंभीर आहे. गट बंद केल्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर याच मुलांचे छायाचित्र आहे आणि देणगीदारांसाठी काढलेल्या माहितीपत्रकात ‘वंचित समाजातील मुलांचे सबलीकरण’ या शीर्षकाखाली त्यांची आणखी छायाचित्रे आहेत. जो कार्यक्रम आपण बंद केला, त्याच्या नावावर निधी मागितला जात आहे. शिवाय ही मुले अल्पवयीन आहेत. त्यांच्या पालकांनी जी संमती दिली ती गटाच्या कामाची नोंद ठेवण्यासाठी होती, देणग्या गोळा करण्यासाठी नव्हे. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेने अशा बाबतीत अधिक काटेकोर असायला हवे.

बुरूड आजीच्या माहितीवरून लावलेली पाटीही काढण्यात आली आहे. कारण विचारल्यावर, सर्व पाट्या नव्या रचनेत एकसारख्या करायच्या आहेत असे सांगण्यात आले. रोवळी पुन्हा शोभेची टोपली झाली आहे.

आपल्या बाजूने काय म्हटले जाईल याचा मला अंदाज आहे, कारण आपल्या एका सदस्यांनी ते खासगीत बोलून दाखवले : गटात मुले पंचवीस-तीस, आणि तेवढ्याच खर्चात बसगाड्यांतून हजारो विद्यार्थी संग्रहालय पाहून जातात. हे गणित वरकरणी बिनचूक आहे. पण चाळीस मिनिटांत, रांगेत, ‘हात लावू नका’ असे ऐकत दालनातून निघालेल्या मुलाच्या आयुष्यात काय बदलते आणि दोन वर्षे दर शनिवारी येणाऱ्या मुलाच्या आयुष्यात काय बदलते, या दोन गोष्टी एकाच रकान्यात बेरजेला घेता येत नाहीत. सहली जरूर चालू ठेवाव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाने २०१५ पासून फिरत्या बसमधून प्रदर्शने शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत नेली, हे काम मला मोलाचे वाटते. तरीही बस येते, मुले पाहतात आणि बस पुढच्या गावी जाते. ज्याला आतून काम करायचे आहे त्याच्यासाठी दुसरी व्यवस्था लागतेच.

ती व्यवस्था काही आमच्या डोक्यातून निघालेली विचित्र कल्पना नाही. सान फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाने १९६९ मध्ये सुरुवात केली तेव्हापासूनच तेथे माध्यमिक शाळेतील मुले प्रेक्षकांना प्रयोग समजावून सांगतात आणि त्यांना त्याचे वेतन मिळते. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेने १९६७ साली अनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत एका जुन्या चित्रपटगृहात संग्रहालय उघडले. जॉन किनार्ड हे त्याचे संचालक होते. वस्तीतील मुलांच्या बोलण्यात सारखे उंदीर येत. घरातील उंदीर, चावणारे उंदीर. १९६९ मध्ये त्या संग्रहालयाने उंदरांवरच प्रदर्शन मांडले, त्यांचा उपद्रव का होतो आणि तो थांबवायचा कसा हे दाखवले. आमच्या वस्तीत रेल्वे यार्डाचे उंदीर आहेत, म्हणून हे वाचल्यावर मला त्या संचालकांविषयी विशेष आदर वाटला. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील चार कला संग्रहालयांनी किशोरवयीनांचे दीर्घ मुदतीचे गट चालवले. न्यूयॉर्कचे व्हिटनी, मिनियापोलिसचे वॉकर आणि ह्यूस्टन व लॉस एंजेलिस येथील समकालीन कला संग्रहालये ही ती चार. गटांतून बाहेर पडून बरीच वर्षे झालेल्या माजी सदस्यांचा त्यांनी मिळून अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अनुभवाचा परिणाम आत्मविश्वासावर, पुढच्या शिक्षण-व्यवसायावर आणि संग्रहालयाकडे आपली जागा म्हणून पाहण्यावर टिकून राहतो, असे त्यात आढळले. तेथे हे गट लहान, दीर्घकाळ चालणारे आणि मुलांना खरी जबाबदारी देणारे होते. आपला गटही तसाच होता, एवढेच मला दाखवून द्यायचे आहे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. त्यात सर्वांना खुले, सर्वसमावेशक असणे आणि समुदायांच्या सहभागाने काम करणे या बाबी स्पष्ट शब्दांत आहेत. आपल्या संकेतस्थळावर ती व्याख्या मराठीत, सुबक अक्षरांत दिली आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. मार्गदर्शकांचे मानधन, मुलांचा बसभाड्याचा खर्च आणि दुपारचे खाणे याला निधी लागतो. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीसाठी शिक्षण आणि राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे संरक्षण हे दोन्ही विषय आहेत. हा गट दोन्हींत बसतो. छायाचित्रे वापरून निधी मागायचाच असेल, तर तो गट चालवण्यासाठी मागावा. आणि या मुलांना शनिवारी मोफत राबवून घ्यावे असेही माझे म्हणणे नाही. वाढप्याच्या कामाचे पैसे सोडून जो मुलगा नोंदवही तपासायला येतो, त्याला काही मानधन मिळाले पाहिजे. नाहीतर घरचे त्याला पाठवणार नाहीत, आणि त्यात घरच्यांची चूक नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. युवा गट वर्षभर, विनाशुल्क आणि पूर्वीच्याच वयोगटासाठी पुन्हा सुरू करावा. शिबिर हवे तर वेगळे चालवावे.

२. प्रवेशासाठी शाळा, अभ्यासिका किंवा सामाजिक संस्थेचे पत्र पुरेसे मानावे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला मागू नये.

३. सदस्यांना ओळखपत्रे परत द्यावीत, प्रवासखर्च द्यावा आणि सोळा वर्षांवरील सदस्यांना प्रेक्षकांना माहिती देण्याच्या कामाचे मानधन द्यावे.

४. वार्षिक अहवाल आणि देणगीपत्रकांतील मुलांची छायाचित्रे पालकांच्या व मुलांच्या नव्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत आणि या छायाचित्रांच्या आधारे आलेल्या निधीचा हिशेब जाहीर करावा.

५. रोवळीची पाटी पुन्हा लावावी. लोकजीवन दालनातील वस्तू ज्या समाजांच्या आहेत, त्यांतील जाणत्या माणसांना बोलावून इतर पाट्याही तपासून घ्याव्यात आणि त्यांना तज्ज्ञ म्हणून मानधन द्यावे.

६. शिक्षणविषयक उपसमितीत युवा गटाचे दोन प्रतिनिधी घ्यावेत आणि गटाविषयीचा कोणताही निर्णय त्यांच्या उपस्थितीत व्हावा.

यांतील पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मागणीला तडजोड नाही. उरलेल्यांच्या तपशिलावर बोलायला आम्ही तयार आहोत; मानधन किती असावे, प्रतिनिधी कसे निवडावेत, या गोष्टी बसून ठरवता येतील. गटाच्या मार्गदर्शक म्हणून काम केलेल्या तरुण अभिरक्षकांवर या पत्रामुळे कोणतीही कारवाई होऊ नये, अशीही विनंती आहे. त्यांनी मला काही सांगितलेले नाही. जे लिहिले ते मुलांकडून आणि प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे.

आपली पुढील बैठक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असल्याचे समजते. हा विषय त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि गटातील दोघांना आपले म्हणणे मांडण्यासाठी वेळ द्यावा. त्यांनी टिपणे तयार केली आहेत. त्या सुमारास दहावीच्या सहामाही परीक्षेचे पेपर सकाळी असतात, म्हणून वेळ दुपारी तीननंतरची ठेवल्यास त्यांना येता येईल. लेखी उत्तर अभ्यासिकेच्या पत्त्यावर पाठवावे. तो शिक्षण विभागाकडे आहे.

आपली,
पूर्वेकडील वस्तीतील अभ्यासिकेची संचालिका